ब्रॉडबँडच्या तारेवरील घट : मोजमाप कोणाच्या हाती?

वीज, पाणी आणि स्वयंपाकाचा गॅस यांच्या पंक्तीत घरगुती ब्रॉडबँडची जोडणी येऊन बसली, त्याला आता बरीच वर्षे झाली. प्रवेशपरीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्तीची मागणी, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला, शिक्षकाने भरावयाची शाळेची माहिती, बँकेचा व्यवहार, यांतील बहुतेक सारे या एका तारेतून जाते. तथापि पहिल्या तीन वस्तूंच्या आणि या चौथ्या वस्तूच्या व्यवहारात एक मूलभूत फरक राहून गेला आहे. विजेसाठी भिंतीवर मीटर असतो. गॅसचे सिलिंडर वजन करून घेता येते. किराणा दुकानदाराचा तराजू ठराविक मुदतीने तपासला जातो आणि त्यावर शासकीय मुद्रा उमटते. २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम त्यासाठीच आहे. ब्रॉडबँडच्या बाबतीत मात्र ग्राहक म्हणतो, "नेट चालत नाही," आणि पलीकडून उत्तर येते, "आमच्याकडून सर्व ठीक दिसते आहे." या दोन वाक्यांमध्ये निवाडा करणारे माप व्यवहारात कोठेच नसते.

विशेष म्हणजे असे माप अस्तित्वात नाही, अशी स्थिती नाही. ते आहे, अचूक आहे, आणि बहुतेक आधुनिक जोडण्यांत ते ग्राहकाच्या घरातील पेटीतच अहोरात्र नोंदले जात असते. तारेतून येणारा संकेत, ज्याला सर्वजण सिग्नल म्हणतात, वाटेत किती क्षीण झाला हे सांगणारा तो आकडा आहे. तो वाचण्याचा अधिकार कोणाचा आणि त्यावरून उत्तरदायित्व कोणावर, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटला तरी मूलतः आर्थिक आणि कायदेशीर आहे.

तीन दोष, एकच तक्रार

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. ज्याला सरसकट "नेट हळू आहे" असे म्हटले जाते, त्यात तीन निरनिराळ्या ठिकाणचे दोष एकत्र मिसळलेले असतात. पहिला दोष घराच्या आतला. मोडेमपासून पुढे बिनतारी लहरींनी, म्हणजे वाय-फायने, संकेत खोल्याखोल्यांतून जातो. जाड भिंती, लोखंडी कपाटे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तशाच लहरी यांनी तो दुर्बळ होतो. दुसरा दोष घरापासून कंपनीच्या केंद्रापर्यंतच्या तारेतला. तिसरा दोष केंद्राच्या पलीकडचा. तेथे तार निर्दोष असते, परंतु एकाच वाटेवर गर्दी फार झालेली असते.

या तिन्हींची लक्षणे वेगळी आहेत. संगणक वायरने थेट मोडेमला जोडताच वेग सुधारला, तर दोष वाय-फायचा समजावा. तक्रार दररोज रात्री नऊच्या सुमारास उद्भवून मध्यरात्रीनंतर आपोआप शमत असेल, तर ती बहुधा गर्दीची असते. वायर जोडूनही फरक पडत नाही, जोडणी वेळीअवेळी तुटते, पावसात किंवा वाऱ्यात हमखास तुटते, मोडेमवरील तांबडा दिवा लागतो, अशी चिन्हे दिसली तर तारेवरील घटीचा संशय घ्यावा. वेग मोजणाऱ्या सर्वपरिचित चाचण्यांत हे तिन्ही दोष एका आकड्यात मिसळून जातात. ताप मोजला म्हणजे ताप आहे एवढे कळते. तो हिवतापाचा की विषमज्वराचा, हे कळत नाही. वेगाच्या चाचणीचीही गत तीच आहे.

या तिघांपैकी तारेवरील घट हाच दोष असा आहे की, जो सर्वस्वी सेवा देणाऱ्याच्या अखत्यारीत येतो आणि जो नेमकेपणाने मोजता येतो. तरीही ग्राहकाला त्याच्याविषयीच सर्वांत कमी सांगितले जाते.

घटत्या शेषावरील घसारा

तारेतून जाणाऱ्या संकेताची घट कशी होते, हे ज्यांना जमाखर्चाची सवय आहे त्यांना समजण्यास मुळीच अवघड नाही. यंत्रसामग्रीवर घटत्या शेषाच्या पद्धतीने घसारा काढतात, तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक किलोमीटरला ठराविक रक्कम जात नाही. शिल्लक असलेल्या शक्तीचा ठराविक हिस्सा जातो. साहजिकच अंतर वाढते तसा गुणाकार वाढत जातो आणि आकडे गैरसोयीचे होतात. यावर उपाय म्हणून दूरध्वनीच्या अभियंत्यांनी लॉगरिदमचा आश्रय घेतला. अमेरिकेत पूर्वी ही घट "प्रमाणित तारेचे इतके मैल" अशा भाषेत सांगत. १९२४ च्या सुमारास बेल कंपनीच्या अभियंत्यांनी त्याऐवजी नवे एकक घेतले, आणि १९२८ मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला डेसिबेल हे नाव मिळाले.

डेसिबेलचे तीन आकडे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले. ३ डेसिबेल घट म्हणजे शक्ती निम्मी झाली. १० डेसिबेल म्हणजे दहावा हिस्सा उरला. २० डेसिबेल म्हणजे शंभरावा हिस्सा उरला. या एककाचा मोठा फायदा असा की, गुणाकाराऐवजी केवळ बेरीज-वजाबाकी करावी लागते. संपूर्ण तारेचा हिशेब एका पानावर मांडता येतो, आणि अभियंते त्या हिशेबाला खरोखरच शक्तीचे अंदाजपत्रक म्हणतात.

आजच्या बहुसंख्य नव्या घरगुती जोडण्या प्रकाशतंतूच्या, म्हणजे फायबरच्या आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवून दिलेल्या आणि भारतात सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका मानकाप्रमाणे अशा जोडणीचा नमुना-हिशेब मांडून पाहता येईल. एक मिलिवॅट शक्तीला शून्य मानतात. त्याहून अधिक ती धन, कमी ती उणे. या मोजपट्टीला डीबीएम म्हणतात. कंपनीच्या केंद्रातून प्रकाश निघाला तेव्हा तो अधिक ३ होता असे धरू, म्हणजे सुमारे २ मिलिवॅट. पाच किलोमीटर तंतूत दीड डेसिबेल गेले. एका तंतूचे बत्तीस घरांत वाटप करणाऱ्या विभाजकात सुमारे १७ गेले. बत्तीस वाटेकरी म्हटल्यावर हा खर्च अटळच आहे. जोडण्या आणि सांधे यांत मिळून अडीच गेले. एकूण खर्च २१. घरी पोचला तो उणे १८. घरातील पेटीला संकेत नीट वाचता येण्याची खालची मर्यादा या मानकातील प्रचलित वर्गात उणे २७ आहे. म्हणजे ९ डेसिबेल शिल्लक राहिले. मिलिवॅटच्या भाषेत, २ मिलिवॅट निघालेल्या प्रकाशातील सुमारे १६ मायक्रोवॅट घरी पोचले, आणि २ मायक्रोवॅटपर्यंत काम भागते. आठपट राखीव निधी हाती आहे.

फसवा निरोगीपणा

या राखीव निधीतच खरी मेख आहे. समजा, तंतू खांबावर बांधताना आवळला गेला, दाराच्या चौकटीपाशी काटकोनात वळवला गेला किंवा जोडणीच्या टोकावर धूळ बसली, आणि त्यामुळे आणखी ८ डेसिबेल घट झाली. घरी आता उणे २६ पोचेल. ग्राहकाला काय जाणवेल? बहुधा काहीच नाही. वेगाची चाचणी पूर्वीइतकाच आकडा दाखवील, चलचित्र सुरळीत चालेल, तंत्रज्ञ पावतीवर सही घेऊन निघून जाईल. त्यानंतर पहिल्या पावसात सांध्यात ओल शिरली आणि आणखी दीड डेसिबेल गेले की जोडणी एकदम मरते. तो दिवस अर्जाच्या मुदतीचा शेवटचा दिवस असला तर त्याचे मोल मासिक वर्गणीत मोजता येत नाही.

तांब्याच्या जुन्या तारेचे तसे नव्हते. भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी २००५ मध्ये दूरध्वनीच्या तांब्याच्या तारांवरून ब्रॉडबँड देण्यास प्रारंभ केला. त्या पद्धतीत केंद्रापासून अंतर वाढले की वेग पायरीपायरीने उतरत असे. केंद्रालगत ज्या तंत्राने सेकंदाला वीसेक मेगाबिट मिळू शकत, तेच तंत्र पाच किलोमीटरवर एक-दोन मेगाबिटांवर येई. सांधा गंजला की दूरध्वनीत खरखर ऐकू येई. तांबे कुरकुरत कुरकुरत निकामी होत असे. त्यामुळे सावध होण्यास अवधी मिळे. प्रकाशतंतू कुरकुरत नाही. तो शेवटच्या क्षणापर्यंत निरोगी दिसतो आणि मग कोसळतो. म्हणूनच तांब्याच्या काळात जे मोजमाप उपयुक्त होते, ते तंतूच्या काळात अपरिहार्य झाले आहे.

येथे दोष तंतूला देण्याचेही कारण नाही. १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी असे प्रतिपादन केले की, काचेतील अशुद्धता काढून टाकली तर किलोमीटरमागील घट २० डेसिबेलांच्या खाली आणता येईल. त्या काळच्या काचेत ती हजार डेसिबेलांच्या घरात होती. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १७ डेसिबेलांचा तंतू करून दाखवला. आज ही घट किलोमीटरला ०.२ ते ०.३५ डेसिबेल एवढीच राहिली आहे. काओ यांना २००९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते या कार्यासाठी. म्हणजे शास्त्राने आपले काम चोख केले आहे. पाच किलोमीटरच्या तंतूत जेवढी घट होत नाही, तेवढी एका गलिच्छ जोडणीत होऊ शकते. ज्या गाभ्यातून प्रकाश जातो त्याचा व्यास सुमारे ९ मायक्रॉन असतो. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड असतो. धुळीचा जो कण डोळ्यांना दिसतही नाही, तो या गाभ्याच्या तोंडावर बसला की दरवाजा अडतो. हिरव्या टोपीची तिरप्या कापाची जोडणी आणि निळ्या टोपीची सरळ कापाची जोडणी एकमेकींत खुपसली, तरी पुष्कळ शक्ती वाया जाते. हे सारे दोष हातकामाचे, निगराणीचे आणि घाईचे आहेत.

मोजमापाने काय साधते : एक जुना धडा

दूरसंचाराच्या इतिहासात या विषयावरील एक उद्बोधक प्रकरण आहे. १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून तारयंत्राची पहिली तार घातली गेली. संकेत फार क्षीण येत होते. कंपनीचे विद्युत्‌तज्ज्ञ व्हाइटहाउस यांचा कल अधिक दाब देण्याकडे होता. त्यांनी सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब वापरला. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांचा भर मात्र अतिसूक्ष्म प्रवाह अचूक वाचू शकणाऱ्या आरशाच्या गॅल्व्हॅनोमीटरवर होता. आधीच सदोष असलेली ती तार काही आठवड्यांत मृत झाली आणि भागधारकांचे प्रचंड भांडवल समुद्रात बुडाले. त्यानंतर ब्रिटिश सरकार आणि कंपनी यांच्या संयुक्त समितीने चौकशी केली. तिचा अहवाल १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ब्रिटिश असोसिएशनने विद्युत्‌रोधाचे प्रमाणित एकक ठरविण्यासाठी समिती नेमली.

या एककाचा परिणाम केवळ प्रयोगशाळेपुरता राहिला नाही. रोध प्रमाणित एककात मोजता येऊ लागल्यावर समुद्राखालील तार किनाऱ्यापासून किती अंतरावर तुटली, याचा हिशेब किनाऱ्यावर बसून करता येऊ लागला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तार विकत घेणाऱ्याला करारात अट घालता येऊ लागली की, मैलाला रोध अमुक असला पाहिजे. १८६६ मध्ये अटलांटिकची तार कायमची यशस्वी झाली, आणि १८७० मध्ये सुएझ व एडनमार्गे मुंबईला येणारी समुद्रतार घातली गेली. माप आधी आले, विश्वसनीय करार नंतर आला, आणि व्यापार त्याच्याही नंतर वाढला, हा क्रम अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आजची साधने त्याच परंपरेतील आहेत. तंतूच्या तंत्रज्ञाजवळ असे एक यंत्र असते की, जे तंतूत प्रकाशाचा क्षणिक ठोका पाठवते आणि वाटेतून परत विखुरलेला प्रकाश मोजते. तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. त्यामुळे प्रतिध्वनी दहा मायक्रोसेकंदांनी आला तर दोष एक किलोमीटरवर आहे. हे यंत्र महाग असते आणि प्रत्येक फेरीला ते आणणे शक्य नसते, हे मान्य केले पाहिजे. परंतु प्राथमिक निदानाला त्याची गरजही नसते. घरातील पेटी आपल्याला किती प्रकाश मिळतो हे स्वतः मोजते आणि केंद्राला कळवते. पेटीकडून येणारा प्रकाश किती, हे केंद्रालाही कळू शकते. एकाच विभाजकावरील सर्व घरांचे आकडे एकदम खाली आले तर दोष विभाजकाच्या अलीकडे, केंद्राच्या बाजूस असतो. एकाच घराचा आकडा उतरला तर दोष त्या घराच्या तंतूत असतो. एवढे निदान खुर्चीवरून न उठता होते. म्हणजे माहिती मिळविण्याचा खर्च जवळजवळ शून्य आहे.

माहितीची विषमता

असे असूनही ती माहिती ग्राहकापर्यंत पोचत नाही, याचे स्पष्टीकरण अर्थशास्त्रात सापडते. १९७० मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगला माल बाजारातून हळूहळू हद्दपार होतो. चांगल्या मालाला जास्त किंमत देण्यास कोणी तयार होत नाही, कारण तो चांगला असल्याची खात्री पटविण्याचे साधनच नसते. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते या विषमतेच्या विवेचनासाठी. घरगुती ब्रॉडबँडच्या बाजाराला हे वर्णन तंतोतंत लागू पडते. जाहिरातीत वेगाच्या आकड्यामागे "पर्यंत" हा शब्द असतो. त्या एका शब्दात सारा दर्जा लपतो. दोन कंपन्या एकच वेग आणि एकच दर सांगतात. त्यांपैकी एकीने सांधे काळजीपूर्वक जोडून ९ डेसिबेलांचा राखीव निधी ठेवला आहे आणि दुसरीने एकाच डेसिबेलावर भागवले आहे, हे ग्राहकाला पावसाळ्यापर्यंत कळत नाही. पहिल्या कंपनीचा जादा खर्च अशा वेळी वाया गेल्यासारखाच होतो.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. आपल्या शहरांत १९९० नंतर केबल दूरदर्शनच्या तारा झाडांवरून, गच्च्यांवरून आणि विजेच्या खांबांवरून पसरल्या. पुष्कळ ठिकाणी त्याच वाटांनी आणि त्याच स्थानिक चालकांच्या हातांनी आता प्रकाशतंतू जातो. अखेरच्या शंभर मीटरचे काम कंपनीकडून ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराकडून रोजंदारीच्या मुलाकडे जाते. त्याला जोडणीमागे पैसे मिळत असतील तर तो दिवसात जास्तीत जास्त जोडण्या करील. टोके पुसण्यात पाच मिनिटे घालवणे त्याला परवडणार नाही. हा त्या मुलाच्या वृत्तीचा दोष नव्हे. मोबदला ज्या गोष्टीला मिळतो ती गोष्ट वाढते, एवढाच याचा अर्थ आहे. जोडणी पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून दिवा लागणे पुरेसे मानले, तर दिवा लावून दिला जाईल. आकडा मागितला, तर आकडा सांभाळला जाईल.

कायदा आहे, पुरावा नाही

भारतात या क्षेत्राला नियमन नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ च्या कायद्याने स्थापन झाले. २००६ मध्ये त्याने ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. तीन कामकाजाच्या दिवसांत दोष दूर न झाल्यास आकारात सूट देण्याची तरतूद त्यांत होती. ब्रॉडबँडची किमान गती २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट होती. ती पुढे ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये प्राधिकरणाने तारेवरील आणि बिनतारी सेवांचे वेगवेगळे नियम एकत्र करून नवी नियमावली काढली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून ती अमलात आली. न्यायालयाचे दारही उघडे झाले आहे. दूरध्वनीच्या तक्रारी ग्राहक मंचाकडे नेता येणार नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ मधील निर्णय अनेक वर्षे आड येत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्राहकाला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते, असे स्पष्ट केले.

तरीही सामान्य ग्राहकाच्या हाती फारसे काही पडत नाही, याचे कारण पुराव्याच्या अभावात आहे. दर्जाचे नियम सेवाक्षेत्राच्या सरासरीने आणि टक्केवारीने मोजले जातात. शंभरांपैकी अठ्ठ्याण्णव घरांची स्थिती उत्तम असेल तर कंपनी उत्तीर्ण होते. उरलेल्या दोन घरांना त्या उत्तीर्णतेचा काही उपयोग नसतो. ग्राहक मंचापुढे जाणाऱ्याने आपली जोडणी सदोष होती हे कशाने सिद्ध करावयाचे? तंत्रज्ञ येऊन मोडेम बंद करून चालू करतो, तक्रार निकालात निघाल्याचा संदेश येतो, आणि चार दिवसांनी नवी तक्रार नव्या क्रमांकाने नोंदवावी लागते. दहा तक्रारी दहा वेगवेगळ्या घटना ठरतात. एक न बरा झालेला दोष म्हणून त्यांची नोंद होत नाही. प्रत्येक फेरीचा आकडा लिहिलेला असता, तर हा प्रश्नच उरला नसता.

ब्रिटनमध्ये याच अडचणीवर दोन उपाय झाले आहेत. तेथील नियामक संस्था ऑफकॉम हिने २००८ मध्ये ब्रॉडबँडच्या गतीविषयी ऐच्छिक संहिता आणली. मार्च २०१९ पासून लागू झालेल्या तिच्या सुधारित स्वरूपात, करार करतानाच त्या विशिष्ट जोडणीची किमान हमी-गती सांगावी आणि ती न मिळाल्यास व तीस दिवसांत दोष न निघाल्यास ग्राहकाला दंडाशिवाय करार मोडता यावा, अशी व्यवस्था झाली. एप्रिल २०१९ मध्ये स्वयंचलित भरपाईची योजना आली; बंद पडलेली जोडणी दोन पूर्ण कामकाजाच्या दिवसांत दुरुस्त न झाल्यास, ग्राहकाने न मागताही दिवसाला ८ पौंड देण्याचे तीत सामील झालेल्या कंपन्यांनी मान्य केले. या दोन्ही उपायांमागील तत्त्व एकच आहे. माप सरासरीचे नव्हे, त्या घराचे. आणि भरपाई विनवणीने नव्हे, नोंदीवरून.

आक्षेप आणि उपाय

तारेचा आकडा ग्राहकाला देण्याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जाण्याचा संभव आहे. पहिला असा की, सामान्य माणसाला डेसिबेल कळणार नाही. परंतु रक्तदाबाच्या दोन आकड्यांमागील शरीरशास्त्र किती जणांना ठाऊक असते? ते आकडे कोठवर ठीक आणि कोठे धोक्याचे, एवढे सर्वांना कळते, आणि तेवढे पुरते. दुसरा आक्षेप असा की, आकडे उघड केल्यास निष्कारण तक्रारी वाढतील. प्रत्यक्षात उलट घडण्याचा संभव अधिक आहे. तारेचा आकडा उत्तम असल्याचे दिसले, तर दोष आपल्याच वाय-फायचा आहे हे ग्राहकाला उमगेल आणि तंत्रज्ञाची एक व्यर्थ फेरी वाचेल. माप हे ग्राहकाचे जसे संरक्षण आहे, तसे प्रामाणिक सेवादात्याचेही आहे. तिसरा आक्षेप खर्चाचा. मोजमाप आधीच होत असल्याने वाढणारा खर्च केवळ ते दाखविण्याचा आहे.

या दृष्टीने चार गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. जोडणी देताना घरी पोचलेल्या प्रकाशाचा आकडा पावतीवर लिहून द्यावा. तो त्या जोडणीचा जन्मदाखला समजावा. घरातील पेटीच्या माहितीपानावर हा आकडा ग्राहकाला विनासायास आणि त्याच्या भाषेत पाहता यावा, आणि त्याशेजारी सुरक्षित मर्यादाही छापलेली असावी. कोणतीही तक्रार निकालात काढताना दुरुस्तीपूर्वीचा व दुरुस्तीनंतरचा असे दोन्ही आकडे नोंदवणे बंधनकारक असावे. आणि आकडा मर्यादेखाली किती काळ होता, यावरून आकारातील सूट आपोआप मिळावी. या सूचना अमलात आणण्यास नवा कायदा नको; प्राधिकरणाच्या विद्यमान अधिकारांत त्या बसू शकतात.

शहरांपेक्षाही ग्रामीण भागात याचे महत्त्व अधिक आहे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या राष्ट्रीय योजनेला ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव देण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या सुधारित स्वरूपासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. तंतू किती किलोमीटर टाकला, ही मोजणी अशा योजनेत सोपी असते आणि अहवालात शोभूनही दिसते. परंतु टाकलेला तंतू आणि जिवंत तंतू यांत फरक आहे. कोकणातील पावसात किंवा मराठवाड्यातील रस्तारुंदीकरणात तो तंतू किती वेळा तुटला, जोडल्यानंतर किती डेसिबेल कमी झाले आणि ते कोणी भरून काढले, याचा हिशेब पंचायतीच्या फलकावर लागला, तरच गावातल्या विद्यार्थ्याला त्या कोटींचा अर्थ कळेल.

दरम्यान ग्राहकानेही स्वस्थ बसण्याचे कारण नाही. तंतूचे टोक उघडून पाहू नये, कारण त्यातील प्रकाश डोळ्यांना दिसत नसला तरी अपाय करू शकतो. तंतू खिळ्याने ठोकू नये, दोरीने आवळू नये, कोपऱ्यात दुमडू नये. मात्र तंत्रज्ञ येईल तेव्हा आकडा विचारावा आणि तारीख, वेळ व हवामान यांसह वहीत टिपून ठेवावा. उणे १८ चे उणे २२, उणे २२ चे उणे २५ होत गेलेले त्या वहीत दिसले, तर जोडणी मरण्यापूर्वीच तक्रार करता येईल, आणि उद्या मंचापुढे उभे राहण्याची वेळ आली तर हातात कागद असेल. दुकानदाराच्या तराजूवर शासकीय मुद्रा आली ती ग्राहकांनी वजनाबद्दल प्रश्न विचारण्याचे सोडले नाही म्हणून. ब्रॉडबँडच्या तारेचे मापही त्याच वाटेने ग्राहकाच्या हाती येईल. तोपर्यंत बिल ज्याचे, त्याचेच माप हा न्याय चालू राहील.